एकच इंजिन, दोन साक्षी: मिनी कूपर एसच्या भरवशाचे प्रकरण

२००८ सालच्या दोन मिनी कूपर एस. दोन्हींत १५९८ सीसीचे तेच टर्बो पेट्रोल इंजिन, तोच सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. पहिलीचा मालक सांगतो, दोन लाख दहा हजार किलोमीटर झाले, इंजिन उघडायची वेळ आलेली नाही. दुसरीचा सांगतो, ब्याण्णव हजारांतच गाडीने जेरीस आणले: आधी फ्युएल पंप, मग कॉइल आणि प्लग, मग पुन्हा इंजिनाचा तोच पिवळा दिवा, आणि शेवटी टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व यांच्या हालचालींचा मेळ राखणारी साखळी. जुनी कूपर एस घ्यायला निघालेला माणूस ही दोन्ही मते ऐकतो आणि गोंधळतो. तो मनाशी म्हणतो की एकाचे नशीब चांगले, दुसऱ्याचे फुटके. आमचे म्हणणे असे की यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. दोघांच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर फरक कुठे पडला ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते.

या दोन गाड्या नमुन्याच्या आहेत, कुणा एका माणसाच्या नव्हेत. या मॉडेलवर पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून त्या मांडल्या आहेत. पहिलीला ‘अ’ म्हणू, दुसरीला ‘ब’.

आधी इंजिन कोणते ते विचारा

‘मिनी भरवशाची नाही’ किंवा ‘मिनीला काही होत नाही’ या दोन्ही वाक्यांना, इंजिनाचे नाव कळल्याशिवाय, काही अर्थ नाही. २००६ सालापर्यंतच्या कूपर एसमध्ये सुपरचार्जर होता. ते इंजिनच वेगळे. २००६ च्या अखेरीस आलेल्या पिढीत, म्हणजे आर५६ मध्ये, बीएमडब्ल्यू आणि पीएसए (प्यूजो-सिट्रोएन) यांनी मिळून तयार केलेले १.६ लिटरचे इंजिन आले. साध्या कूपरमध्ये त्याचे टर्बोविना रूप, एन१२. कूपर एसमध्ये टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचे एन१४, १२८ किलोवॅट म्हणजे १७५ अश्वशक्तीचे. २०१० च्या फेसलिफ्टला कूपर एसमध्ये एन१८ आले, १३५ किलोवॅट म्हणजे १८४ अश्वशक्तीचे. २०१४ पासूनच्या पिढीत दोन लिटरचे इंजिन आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

हा फरक कागदोपत्री नाही. एन१२ मध्ये पेट्रोल इनटेकच्या वाटेत फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व सतत धुतले जातात. एन१४ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात जाते. व्हॉल्वच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही आणि ब्लो-बायसोबत, म्हणजे पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटलेल्या वायूसोबत, आलेल्या ऑइलच्या वाफेचे तिथे काळे, खडबडीत कीटण बसते. साध्या कूपरचा मालक ‘कार्बन? ऐकलेसुद्धा नाही’ म्हणतो तेव्हा तो बरोबरच असतो, फक्त वेगळ्या इंजिनाबद्दल बोलत असतो. एन१८ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन कायम राहिले, पण ब्लो-बायची वाट नव्याने आखली गेली आणि कीटणाचे प्रमाण कमी झाले. चेनच्या तक्रारीही घटल्या; संपल्या मात्र नाहीत. गाडीच्या कागदावरचा किलोवॅटचा आकडा पाहिला की कोणते इंजिन ते कळते: १२८ की १३५.

एन१४ हे कच्चे किंवा घाईत केलेले इंजिन नव्हते, हेही सांगायला हवे. या कुळातल्या १.६ टर्बोने १.४ ते १.८ लिटर गटातला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हा पुरस्कार २००७ पासून सलग आठ वर्षे घेतला. ताकद, वजन, पेट्रोलची बचत या तिन्ही बाबतींत ते त्या काळी पुढे होते. पण ऑइल कमी पडले तर सांभाळून घेण्याची सवलत त्याने फार थोडी ठेवली, आणि इथूनच दोन मालकांच्या वाटा फुटतात.

‘काहीच झाले नाही’ म्हणजे नेमके काय काय झाले

‘अ’च्या मालकाची वही उघडली की पहिला धक्का बसतो. साठ हजारांना चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, सुधारित नमुन्याचा बसवला. सत्तर हजारांना हाय-प्रेशर फ्युएल पंप बदलला. पंच्याऐंशी हजारांना थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिक हाउसिंग गळायला लागले, ते बदलले. त्याच वेळी इंजिनाच्या मागून वॉटर पंपाकडे जाणारा प्लॅस्टिकचा पाइपही काढून नवा घातला. एक लाख वीस हजारांना वॉटर पंप आणि त्याला फिरवणारे फ्रिक्शन व्हील. दोन वेळा इनटेक व्हॉल्वची सफाई. टर्बोला ऑइल पोहोचवणारी नळी एकदा. शिवाय दर दीड-दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल वरून.

एवढे सगळे होऊनही तो म्हणतो, काहीच झाले नाही. तो थापा मारत नाही. त्याच्या दृष्टीने हे सगळे देखभालीत मोडते: कूलंटचे प्लॅस्टिक तापून तापून ठिसूळ होणारच, पंप झिजणारच. गाडी रस्त्यात कधी बंद पडली नाही आणि इंजिन कधी उघडावे लागले नाही, त्यामुळे ‘बिघाड’ या रकान्यात त्याच्याकडे काही नाही.

‘ब’च्या मालकाला मात्र पहिल्या थर्मोस्टॅट हाउसिंगपासून प्रत्येक गोष्ट बिघाड वाटते, कारण सर्व्हिसच्या दिव्याने सांगितले तेव्हाच गाडी न्यायची आणि मधल्या काळात बॉनेट उघडायचे नाही, असा त्याचा समज होता. त्यालाही दोष देता येत नाही. गाडीचा संगणक स्वतःच सर्व्हिसचा मुहूर्त सांगतो, तो दोन वर्षे किंवा वीस-पंचवीस हजार किलोमीटर इतका लांब पडू शकतो. गाडीनेच सांगितलेले पाळले, यात त्याने काय चुकवले?

म्हणून मालकाला ‘काही त्रास आहे का’ असे विचारण्यात अर्थ नाही. विचारायचे ते असे: दोन सर्व्हिसांच्या मध्ये वरून किती ऑइल घालता? या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणाऱ्याची गाडी बहुधा धड असते. ‘कधी बघितले नाही’ हे उत्तर आले तर किलोमीटर कितीही कमी असोत, सावध व्हावे.

किलोमीटर मोजू नका, स्टार्ट मोजा

‘अ’चा सरासरी फेरा ४५ किलोमीटरचा. २,१०,००० भागिले ४५, म्हणजे सुमारे ४,६७० वेळा इंजिन सुरू झाले. ‘ब’चा सरासरी फेरा ६ किलोमीटरचा. ९२,००० भागिले ६, म्हणजे सुमारे १५,३३०. निम्म्याहून कमी किलोमीटर चाललेल्या गाडीने तिपटीहून जास्त स्टार्ट सोसले आहेत. त्यातले सगळेच कोल्ड स्टार्ट नसतील, दुकानातून परत येताना इंजिन कोमट असते, पण प्रमाण तेच राहते.

आता ऑइल. ‘अ’ने दर नऊ हजारांना ऑइल आणि फिल्टर बदलला, आजवर तेवीस वेळा. ‘ब’ने ब्याण्णव हजारांत पाच वेळा, सोळा ते एकवीस हजारांच्या अंतराने. सहा किलोमीटरच्या फेऱ्यात कूलंट गरम होतो, ऑइल मात्र पुरते तापत नाही. थंड सिलिंडराच्या भिंतीवर फवारलेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते, ज्वलनातले पाणीही उतरते, आणि ते उडून जायला लागणारी उष्णता मिळायच्या आत चावी बंद होते. असे ऑइल पातळ पडते, आंबते, गाळ धरते. लांबच्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचे ऑइल त्यामानाने स्वच्छ राहते, आणि ‘अ’ ते लवकर बदलतोही. लवकर बदलायची खरी गरज होती ती ‘ब’ला.

टेन्शनर, चेन आणि ऑइलची पातळी

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडे सावकाश.

टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक आहे. आत एक स्प्रिंग, आणि तिच्या जोडीला इंजिनाच्या ऑइलचा दाब. इंजिन रात्रभर उभे राहिले की टेन्शनरमधले ऑइल निथळते. सकाळी चावी फिरवली की पहिले काही क्षण दाब शून्य. चेनला फक्त स्प्रिंगचा आधार. सुरुवातीच्या एन१४ मधले टेन्शनर या क्षणांत चेन घट्ट धरू शकत नव्हते. चेन सैल लोंबते, प्लॅस्टिकच्या गाइडवर आपटते, आणि डिझेल गाडीसारखी खडखड ऐकू येते. दाब आला की आवाज थांबतो. मालकाला वाटते, थांबला ना, मग झाले.

पण प्रत्येक खडखड म्हणजे गाइडवर एक घाव. ‘ब’च्या बाबतीत असे किती घाव, तो आकडा वर आलाच आहे. शिवाय चेनच्या पिना आणि लिंक झिजून चेन लांबते. लांबलेल्या चेनला सावरायला टेन्शनरला आणखी बाहेर यावे लागते, त्याची पोहोच संपते, आणि मग गरम इंजिनातही खडखड येऊ लागते.

ऑइल कमी असले की यात भर पडते. या इंजिनात फक्त ४.२ लिटर ऑइल मावते. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधले अंतर साधारण एक लिटर. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली की जोरात वळण घेताना किंवा ब्रेक मारताना ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या, एका बाजूला सरकते, पंपाची चाळणी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. हवा मिसळलेले, फेसाळ ऑइल टेन्शनरला टेकू देऊ शकत नाही. आणि गाडी कोणती? वळणावर जोरात घ्यावीशी वाटणारी. या गाडीची सगळी गंमतच तिथे आहे. कमी ऑइलचा फटकाही तिथेच बसतो.

‘ब’चा मालक ठामपणे सांगतो की ऑइलचा दिवा लागला की तो लगेच एक लिटर घालत असे. इथेच घोटाळा आहे. तो लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. दिवा लुकलुकला याचा अर्थ ऑइल थोडे कमी झाले असा नसून, त्या क्षणी बेअरिंग, टर्बो आणि टेन्शनर यांना पुरेसा दाब मिळाला नाही असा आहे. त्यावेळी चेंबरमधून एक नव्हे, दोन लिटरही गायब असू शकतात. पातळी सांगणारे साधन एकच, ती डिपस्टिक. ती वाचायलाही जरा किचकट आहे: गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून पाच मिनिटे थांबायचे, पुसून पुन्हा घालायची, आणि दोन्ही बाजू पाहायच्या. एका बाजूला ऑइल ओघळून वर दिसत असेल तर खालची बाजू खरी धरावी.

‘ब’चे निदान कसे भरकटले

एक्क्याऐंशी हजारांना पहिली तक्रार: सकाळी स्टार्टर लांब मारावा लागतो, कधी अर्ध्या इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून गाडी उचलत नाही. स्कॅनरवर पी००८७, म्हणजे फ्युएल रेलमध्ये दाब कमी. हाय-प्रेशर पंप बदलला. ते बरोबर होते. त्या काळच्या एन१४ चा हा पंप दगा देण्यासाठी ओळखला जातो. लांब स्टार्टिंग थांबले.

तीन आठवड्यांनी दिवा परत. या वेळी पी०३०० आणि पी०३०३: तिसऱ्या सिलिंडरात मिस, म्हणजे ज्वलन चुकणे. चार प्लग आणि चार कॉइल एका झटक्यात बदलले. दिवा पुन्हा आला. मग मालकाच्या मनात बसले की नवा पंपच खराब निघाला, आणि गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली.

इथे दोन चुका झाल्या. पहिली, एका कोडमागे एकच कारण आणि सगळ्या कोडांमागे तेच कारण असे धरले गेले. प्रत्यक्षात पंप, कार्बन आणि चेन हे तीन वेगळे दोष एकमेकांवर चढले होते. दुसरी चूक जास्त वाईट: गाडी दर वेळी चालवत गॅरेजला आली, म्हणजे इंजिन गरम. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा पहिला आवाज कुणी ऐकलाच नाही, आणि डिपस्टिक कुणी ओढली नाही.

क्रम असा हवा होता. गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवायची. सकाळी चावी लावायच्या आधी डिपस्टिक ओढून पाहायची. बॉनेट उघडे ठेवून इंजिन सुरू करायचे आणि पहिले दहा सेकंद चेनच्या टोकाशी कान द्यायचा. मग स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची मिस मोजणी, आधी थंड असताना, नंतर गरम झाल्यावर. मिस फक्त पहिल्या एक-दोन मिनिटांत येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तर कॉइलपेक्षा इनटेक व्हॉल्ववरच्या कार्बनचा संशय आधी घ्यावा. थंड असताना ज्वलन आधीच नाजूक असते, त्यात हवेचा झोत विस्कटला की ते चुकते. कॉइलची शंका असेलच तर चार नव्या विकत घेण्याऐवजी तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर लावून पाहावी. मिस पी०३०१ वर गेली तर कॉइल दोषी, जागची हलली नाही तर कॉइल निर्दोष. दहा मिनिटांचे काम. ‘ब’वर हे केले असते तर मिस तिसऱ्या सिलिंडरवरच राहिली असती.

दुसऱ्या गॅरेजने सकाळची चाचणी केली. डिपस्टिकचे टोक कोरडे होते. काढलेले ऑइल मोजल्यावर २.३ लिटरच निघाले, म्हणजे १.९ लिटर बेपत्ता. नवे ऑइल भरून सुरू केल्यावरही चार सेकंद खडखड आली, तेव्हा टेन्शनर काढला. हा बाहेरून, २७ मिलिमीटरच्या सॉकेटने निघतो. इंजिन उघडावे लागत नाही. त्याच्या भोकात मोजणीचा खास बोल्ट घालून गाइडला हलकेच टेकवतात आणि आत गेलेली लांबी व्हर्नियरने मोजतात. मर्यादेपेक्षा जास्त भरली तर चेन लांबली आहे, नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही. ‘ब’ची मर्यादेपलीकडे गेली होती. ही मोजणी न करता फक्त नवा टेन्शनर लावणे हा या गाड्यांवरचा सर्वांत फसवा इलाज: आवाज काही महिने जातो आणि लांबलेली चेन तशीच फिरत राहते. हे इंजिन असे आहे की चेनने दात सोडले तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात.

चेंबर उतरवल्यावर

ऑइलचे चेंबर खाली घेतले तेव्हा पंपाच्या चाळणीला चिकटून प्लॅस्टिकचे तुकडे होते. तपकिरी, ठिसूळ, काही नखाएवढे, काही तांदळाच्या दाण्याएवढे. एका तुकड्यावर चेनच्या लिंकांनी पाडलेल्या दोन समांतर चऱ्या स्पष्ट दिसत होत्या. तो वरच्या गाइडचा भाग. चाळणीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या तुकड्यांनी आणि चिकट गाळाने झाकला गेला होता. म्हणजे ऑइल पुरेसे भरल्यानंतरही पंपाला पुरेसे ओढता येत नव्हते. चेनचे काम करताना चेंबर न उतरवणाऱ्या गॅरेजपासून दूर राहावे ते याचसाठी: नवी चेन, नवे गाइड, आणि खाली जुने तुकडे तसेच.

कामाला लागलेले सामान: चेन, दोन्ही बाजूंचे गाइड, वरची पट्टी, टेन्शनर व त्याची सीलिंग रिंग, कॅमच्या गिअरचे बोल्ट, क्रँक हबचा बोल्ट, पुढचे क्रँक ऑइल सील, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचा सीलंट, ऑइल, फिल्टर. यातला क्रँक हबचा बोल्ट जुना वापरायचाच नाही. तो ताणला जाणारा बोल्ट आहे, आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंशांत फिरवून आवळायचा.

आणि याच बोल्टपाशी अनुभवी मिस्त्रीसुद्धा फसतात. या इंजिनात क्रँकच्या गिअरला शाफ्टवर पक्का धरणाऱ्या कीची खाच नाही. गिअर जागेवर राहतो तो फक्त त्या एका बोल्टच्या दाबाने. बोल्ट सैल केला की गिअर क्रँकवर मोकळा फिरू शकतो. म्हणून आधी इंजिन अशा जागी आणायचे की चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतात, फ्लायव्हील पिनेने अडकवायचे, दोन्ही कॅमशाफ्ट त्यांच्या साच्यात बसवायचे, आणि नंतरच बोल्टला हात लावायचा. ‘पहिला पिस्टन वर आणून खूण करतो’ ही जुनी सवय इथे कामाची नाही. सगळे आवळून झाल्यावर साचे काढून इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवायचे आणि साचे पुन्हा बसवून पाहायचे. न अडखळता बसले तरच टायमिंग बरोबर. केसभर अडले तरी पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या स्टार्टच्या आधी इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन काही सेकंद स्टार्टरवर फिरवले, म्हणजे नवा टेन्शनर दाब भरूनच कामाला लागतो.

इनटेक मॅनिफोल्ड काढलेच होते, तेव्हा व्हॉल्वची सफाईही त्याच वेळी झाली. त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा भरड चुरा हवेच्या दाबाने मारतात आणि त्याच तोंडातून व्हॅक्यूमने ओढून घेतात. चुरा कार्बन खरवडतो, पण व्हॉल्वच्या धातूला ओरखडा पाडत नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व पूर्ण बंद असले पाहिजेत, एवढे एकच पथ्य, पण ते मोडले तर चुरा थेट पिस्टनवर. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्वचा दांडा कार्बनने दुप्पट जाड झाला होता. सफाईनंतर सकाळची मिस थांबली. पेट्रोलात टाकायच्या क्लीनरने हे कीटण निघत नाही, कारण ते पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही.

मग ऑइल जात कुठे होते

चेन हा परिणाम. ऑइल कमी होणे हे त्यामागचे एक मोठे कारण. ते शोधल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. या इंजिनात बाहेर गळायच्या जागा ठरलेल्या आहेत: टर्बोच्या नळीची दोन्ही टोके, ऑइल फिल्टर हाउसिंगचे पॅकिंग, हेडच्या टोकाचा व्हॅक्यूम पंप, टॅपेट कव्हर. टर्बोची नळी उष्णतेत भाजून तिच्या ओ-रिंग कडक होतात. ‘ब’वर फिल्टर हाउसिंग ओले होते, पण जमिनीवर थेंब नव्हते, एवढ्याने लिटर-लिटर ऑइल जात नाही.

आत जळण्याच्या वाटा तीन. आयडलिंगला ऑइल भरायचे झाकण उचलावे: हलकी ओढ जाणवली तर ठीक, झाकण चिकटून बसले आणि शिट्टी आली तर टॅपेट कव्हरमधला ब्रीदरचा, म्हणजे ब्लो-बायच्या वाटेतला, पडदा फाटला आहे. पाच मिनिटे आयडलिंगवर ठेवून एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळसर धुराचा एक लोट आला आणि विरला, तर व्हॉल्वचे ऑइल सील. जोरात चढताना सतत निळा धूर राहिला तर रिंग. तिथे लीक-डाऊन चाचणी, म्हणजे सिलिंडरात हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे, करूनच बोलावे. ‘ब’चा पडदा फाटलेला निघाला आणि धुराचा लोटही आला. कव्हर बदलले.

बाकीच्या गाडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे माउंट, कडक बाजूंचे रनफ्लॅट टायर हे दोन्ही गाड्यांवर सारखेच झिजले. एक मात्र २००७ ते २०११ च्या कोणत्याही कूपर एसवर तपासावे: इंजिन बंद केल्यावर टर्बो थंड करणारा छोटा इलेक्ट्रिक वॉटर पंप. त्याचे सर्किट तापून आग लागण्याचा धोका असल्याने जानेवारी २०१२ मध्ये रिकॉल निघाला. ‘अ’चा बदललेला होता. ‘ब’चा चेसिस नंबर टाकून पाहिल्यावर काम राहून गेल्याचे कळले.

ब्रीदरचे कव्हर बदलल्यावर ‘ब’चे ऑइल मोजायला घेतले. वरच्या खुणेपर्यंत भरले, किलोमीटर टिपले, हजार किलोमीटरनंतर पुन्हा वरच्या खुणेपर्यंत किती लागते ते मापाने पाहिले. आधी अडीच हजार किलोमीटरला एक लिटर जात होते, आता चार हजारांना. उरलेले व्हॉल्व सीलमधून जाते. त्यासाठी टॅपेट कव्हर, कॅम आणि स्प्रिंग उतरवण्याएवढे काम या घडीला काढू नये असे ठरले. त्याऐवजी डिक्कीत एक लिटरचा कॅन ठेवला आहे, दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक ओढली जाते, ऑइल आठ हजार किलोमीटर किंवा दहा महिने यांतले जे आधी येईल तेव्हा बदलले जाते, आणि चेनची पुढची मोजणी एक लाख तीस हजारांना लिहून ठेवली आहे.